जोडीच्या हिशेबातली स्त्री

24 मार्च 2020 च्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारली गेली, त्या वेळी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील कितीतरी वारली कुटुंबे आपल्या पाड्यांवर नव्हती. भाताची कापणी-झोडणी आटोपून, दिवाळी करून, ती भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली होती. पावसाच्या तोंडावर हिशेब करून परतावयाचे, हा त्यांचा नित्याचा क्रम. त्या वर्षी हंगाम मध्येच तुटला आणि माणसे पायी घराकडे निघाली. ती दृश्ये पाहून शहरातील सुशिक्षित समाज हळहळला. परंतु त्या चालणाऱ्या स्त्रीच्या पदरात मजुरी म्हणून काय पडले, हे फारसे कोणी विचारले नाही.

वीटभट्टीवर एकटादुकटा मजूर लागत नाही, जोडी लागते. माती कालवणे, पाणी वाहणे, विटा थापणे, त्या उलटून वाळविणे, रचणे, या साऱ्या कामांत स्त्रीचा हात असतो. चूल आणि मूल निराळेच. मात्र उचल घेतो नवरा, हजार विटांचा दर ठरतो तो जोडीचा, आणि वहीत नाव चढते एकट्या पुरुषाचे. आठवड्याला मिळते ती पोटापुरती खर्ची. मजुरीचा खरा हिशेब हंगामाच्या अखेरीस. हंगाम अर्ध्यावर मोडला की उचल फिटत नाही, आणि केलेल्या श्रमांचे पैसे येण्याऐवजी पुढील वर्षाचे देणेच डोक्यावर बसते. ज्या स्त्रीचे नाव वहीत नाही, ती त्या देण्याची मात्र पुरती भागीदार!

मदत झाली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मोफत धान्य मिळाले. स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने पाचशे-पाचशे रुपये जमा झाले. राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांसाठी खावटी मंजूर केली, दोन हजार रोख आणि दोन हजारांचा जिन्नस. ती हाती पडेपर्यंत 2021 साल उजाडले. पण मदत ही मदत, आणि मजुरी हा हक्क. जिच्या श्रमाची नोंदच नाही तिने तो हक्क कोणत्या कागदावर मागावा?

याच तलासरीतील झरी गावी 23 मे 1945 रोजी वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ज्या लग्नगडी पद्धतीविरुद्ध त्यांना उभे केले, तीत लग्नापुरते कर्ज काढणाऱ्या पुरुषाबरोबर त्याची नववधूही सावकाराच्या कामाला जुंपली जाई. लग्नगडी गेला, हे त्या लढ्याचे यश होय. परंतु नवऱ्याने घेतलेल्या पैशांत बायकोचे श्रम आपोआप आले, ही समजूत भट्टीवर अजून शाबूत आहे.

2021 पासून ई-श्रम नोंदणीत असंघटित कामगार स्त्रीला स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. चांगली गोष्ट आहे; परंतु त्या क्रमांकाने भट्टीमालकाची वही बदलत नाही. ती बदलविणे हे कामगार खात्याचे काम. प्रत्येक स्त्रीचे नाव वहीत निराळे असावे, दर आठवड्यास किती विटा झाल्या याची चिठ्ठी तिच्या हाती पडावी, आणि निम्मी मजुरी तिच्याच खात्यात जमा व्हावी. दोघांचे काम एकत्र असते, ते वेगळे कसे करावे, असे मालक म्हणतील. आम्ही पूर्वी शाळेत मुलांना शिकविले आहे; दोहोंनी भागणे तिसरीच्या मुलासही अवघड जात नाही.

दिवाळी उलटली की जोड्या पुन्हा भट्ट्यांकडे निघतात. पालघर आणि ठाणे जिल्ह्यांतील कामगार अधिकाऱ्यांनी उचल देण्याच्या त्या दिवसांतच पाड्यांवर जावे, विटा पडू लागल्यावर नव्हे.