विश्लेषण : व्हेनिसमध्ये मुक्काम कुठे, यावर शुल्क का ठरते?

समुद्राच्या खाजणात वसलेल्या व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांना प्रवेश शुल्क लागू केले. तेव्हापासून रात्रीचा मुक्काम कुठे, हा प्रश्न केवळ हॉटेलच्या भाड्याचा राहिलेला नाही.

शुल्क कोणाला?

गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत जुन्या शहरात येणाऱ्यांना. २०२४ मध्ये असे २९ दिवस होते आणि शुल्क ५ युरो होते. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी दर १० युरो झाला. महापालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना माफी आहे, कारण ते वेगळा मुक्काम कर भरतात. मात्र माफीचीही ऑनलाइन नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. अनेकांची गफलत इथेच होते.

मेस्त्रे की पादोव्हा?

मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, पण व्हेनिस महापालिकेतच मोडते. त्यामुळे तिथे राहणाऱ्याला माफी मिळते आणि रेल्वेने तो दहा-बारा मिनिटांत जुन्या शहरात पोहोचतो. पादोव्हाही रेल्वेने फार दूर नाही, पण ते स्वतंत्र शहर असल्याने तिथल्या पाहुण्याला शुल्क भरावे लागते. म्हणजे प्रश्न अंतराचा नाही, हद्दीचा आहे.

जुन्या शहरातच राहायचे असेल तर?

मग सामान कमी हवे. गल्ल्यांमध्ये मोटारी नाहीत, पूल चारशेहून अधिक आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तिथे बॅगेची चाके काही कामाची नाहीत. शरद आणि हिवाळ्यात भरतीचाही विचार करावा. २०२० पासून वापरात असलेले ‘मोझे’ हे पूररोधक दरवाजे साधारण ११० सेंटिमीटर भरतीच्या अंदाजावर उचलले जातात. सेंट मार्क चौक त्याहून सखल असल्याने मध्यम भरतीतही तिथे पाणी येते. चौकाला लागून खोली घेण्याचा मोह त्या दिवसांत महागात पडू शकतो.

रहिवाशांचे काय?

खरा पेच इथे आहे. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांच्या खाली आला. अनेक कुटुंबे मेस्त्रेकडे सरकली आणि बरीच घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली. शुल्काने या घरांना हात लागत नाही, पर्यटकांच्या संख्येवरही मर्यादा येत नाही. त्यामुळे त्याला गर्दीवरचा उपाय म्हणणे धाडसाचे ठरेल.

भारतीय प्रवाशांनी काय पाहावे?

शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा लागतो, त्यामुळे हा निर्णय मुंबई-पुण्यातच घ्यावा लागतो. घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत ‘सीआयएन’ हा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे का, ते तपासा. २०२५ च्या सुरुवातीपासून इटलीत तो दाखवणे बंधनकारक आहे. क्रमांक नसेल, तर आगाऊ पैसे देऊ नका.