सामान्य सभासदाचे शिक्षण

आदिवासींच्या आरोग्यविषयक संशोधनाचे प्रादेशिक केंद्र जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झाले. पुढे तेच राष्ट्रीय संस्था बनले. गोंड-बैगा वस्त्यांतील मलेरिया वा फ्लुओरोसिस यांच्याशी साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, व तो संमतिपत्राच्या भाषेचा आहे.

नव्या औषधांच्या प्रयोगांना मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान सात सभासद असावे लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक लागतोच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा सभासद वैद्यकाबाहेरचा व स्थानिक भाषा जाणणारा असावा, आणि संमतिपत्र त्याने अनुवादांसह तपासावे. अनुवादसमीक्षेचे असे अधिकारपद अन्यत्र क्वचितच असेल. आपल्या भाषाविभागांत मात्र त्याची चर्चा होत नाही.

या सभासदास प्रशिक्षण हवे, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो कशाचे, याविषयी. संख्याशास्त्राचे चार धडे देऊन त्याला अर्धा डॉक्टर बनविल्यास समितीत एक कच्चा डॉक्टर वाढतो व एक नागरिक कमी होतो. त्याला शिकवावयाचे ते शब्दाला अडून बसणे. मराठीत रक्ताचीही ‘चाचणी’ होते आणि औषधाचीही. पहिली रोग्यासाठी असते. दुसरीत रोगी औषधासाठी असतो. संमतिपत्रातील हा एक शब्द रोग्याला, आपल्यावर उपचारच होत आहेत, असे सहज वाटावयास लावतो. जबलपूरच्या मराठी माणसाला हा धोका वेगळा सांगावयास नको: आपले ‘संशोधन’ येथे हिंदीत दुरुस्ती ठरते, आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण.

याचे मोल काय, ते २००९ साली खम्मम व बडोदा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात दिसले. आंध्रात अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या वा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये यावर कठोर ताशेरे ओढले. पत्रातील भाषा सुबोध होती की दुर्बोध, हा प्रश्नच तेथे उद्भवला नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी आरंभी सिकल सेलचा अभ्यास केला. ती लोकांची निकड नव्हती, हे त्यांना नंतर उमगले व लोकांना विचारून विषय ठरविण्याकडे ते वळले. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने निर्माण झालेल्या एका संस्थेत रुग्ण शास्त्रज्ञांच्या बरोबरीने संशोधनप्रस्ताव तपासतात, व त्यासाठी त्यांना आधी तयार केले जाते. आपल्याकडे सात जणांत एकटा सामान्य सभासद पदव्यांच्या दडपणाखाली बसतो. निदान दोघे असावेत, व त्यांतील एकाची भाषा प्रयोगात सामील होणाऱ्यांची असावी, असे माझे मत आहे.

कारण खरी अडचण कागदापलीकडची आहे. इंग्रजीतून हिंदीत आलेला मजकूर बैगा स्त्रीला अखेर कोणीतरी तोंडी समजावतो. समितीने कागद तपासलेला असतो. त्या स्त्रीने प्रत्यक्ष ऐकलेली वाक्ये सहसा कोणाहीपुढे येत नाहीत. ती टिपून समितीपुढे ठेवण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही.