शर्यत कोणाची, मरण कोणाचे?

१४ ऑगस्ट २०१० च्या संध्याकाळी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मोहावी वाळवंटात, 'कॅलिफोर्निया २००' ही मोटारशर्यत चालू होती. खडकाळ उंचवट्यावरून उडालेला एक ट्रक तोल जाऊन कडेच्या गर्दीत उलटला. आठ माणसे ठार झाली, अनेक जखमी झाली. चालक बचावला. त्याच्याभोवती पोलादी सांगाडा होता, छातीवर पट्टे होते, डोक्यावर शिरस्त्राण होते. प्रेक्षक आणि ट्रक यांच्यामध्ये साधा कठडाही नव्हता.

ही जमीन सार्वजनिक मालकीची, आणि शर्यतीला परवानगी संघ सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याची. प्रेक्षकांनी मार्गापासून ५० फूट दूर राहावे, असा नियमही होता. आपल्याच परवान्याचे नियम आपल्या कचेरीने पाळले नाहीत, अशी कबुली पुढे त्या खात्याला स्वतःच्या चौकशीअंती द्यावी लागली. नियम होता, त्याचा रखवालदार नव्हता.

माणसे आपण होऊन इतकी जवळ गेली, त्याला आयोजक काय करणार, असा युक्तिवाद अशा वेळी हटकून केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. परंतु धूळ अंगावर घेत, वाहन हाताच्या अंतरावरून जाताना पाहणे हेच ज्या खेळाचे आकर्षण, त्याच्या चालकांनी गर्दीच्या बेशिस्तीकडे बोट दाखवावे, हे न्यायाचे नव्हे.

शिवाय, जे शर्यत पाहायला गेलेच नाहीत, ज्यांच्या दारात शर्यत आली, त्यांचे काय? १९७९ पासून युरोपातील मोटारी 'डाकार' शर्यतीच्या निमित्ताने आफ्रिकेतील गरीब गावांतून धावू लागल्या. १९८८ मध्ये मालीत एक लहान मुलगी, तर मॉरिटानियात एक आई व तिची मुलगी वाहनाखाली सापडली. जानेवारी २००६ मध्ये गिनीत दहा वर्षांचा आणि लगोलग सेनेगलमध्ये बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. दोन्ही वर्षी शर्यत शेवटपर्यंत पार पडली. पुढे २००८ मध्ये मॉरिटानियात दहशतवादी हल्ल्याचा धोका दिसताच आदल्या दिवशी संपूर्ण शर्यत रद्द झाली. तो निर्णय योग्यच होता. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: शर्यत थांबवता येते. प्रश्न एवढाच की, कोणाच्या जिवासाठी?

त्यानंतर ही शर्यत दक्षिण अमेरिकेत गेली, २०२० पासून सौदी अरेबियात भरते. स्थळ बदलले म्हणून प्रश्न मिटत नाही, आणि तो परदेशापुरताही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली स्पर्धेतील मोटारीने मोटारसायकलवरून मार्गावर आलेल्या पती, पत्नी व मुलाचा बळी घेतला. रस्ता बंद होता, या उत्तराने समाधान होणार नाही. कुटुंब त्यावर येऊ शकले, याचा अर्थच तो पुरता बंद नव्हता.

साहसाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार स्पर्धकाला असेल. दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? म्हणून परवाना देणारा अधिकारी शर्यतीच्या जागी हजर असलाच पाहिजे, आणि गर्दी मार्गाला भिडताच शर्यत थांबवण्याचा हुकूम त्याच्या हाती हवा. वळणांवर व उड्यांच्या जागी कठडे आणि पुरेसे स्वयंसेवक नसतील तर परवानगी नको. मार्गावरील गावांना आगाऊ माहिती मिळावी, त्यांची संमती घेतली जावी, आणि नुकसानभरपाईची रक्कम आयोजकांनी आधीच सरकारजमा करावी.

खर्च वाढेल, अशी ओरड होईल. तो खर्च आजही कोणीतरी भरतेच आहे. फक्त ते भरणाऱ्यांची नावे स्पर्धकांच्या यादीत नसतात.