बाघजानचा हिशेब अजून बाकी आहे

27 मे 2020. देश टाळेबंदीत घरात बसलेला होता, तेव्हा आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात, बाघजान गावाला लागून असलेल्या ऑइल इंडिया कंपनीच्या 5 क्रमांकाच्या विहिरीवर दुरुस्तीचे काम चालू होते. विहीर जवळपास 3,900 मीटर खोल. खालचा जुना थर बंद करून वायूचा दुसरा थर उघडायचा, असा बेत होता. त्यासाठी विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे आतला दाब उसळला तर तोंड आवळून धरणारा अवजड झडपसंच, काढण्यात येत होता. खाली सिमेंटचा बूच ओतलेला होता. पण तो दाब पेलेल की नाही, याची खात्री करून घेतलेली नव्हती. सकाळीच वायू उफाळून वर आला आणि रिगवरच्या माणसांना पळण्यापलीकडे काही करता आले नाही.

पुढचे तेरा दिवस ती विहीर नुसती ओकत राहिली. वायूबरोबर कंडेन्सेट नावाचा पेट्रोलसारखा पातळ द्रव तुषारांसारखा उडून भातखाचरांवर, चहाच्या मळ्यांवर, केळीवर, गुरांच्या चाऱ्यावर बसला. सिंगापूरहून आलेले तज्ज्ञ नुकते पोहोचले होते, तोच 9 जूनला विहिरीने पेट घेतला. कंपनीच्या अग्निशमन दलातले दोन जवान त्यात गेले. हजारो माणसे घरदार सोडून मदत छावण्यांत आली. साथीचा काळ आणि त्यातच ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला पावसाळा. आग पूर्ण विझली ती 15 नोव्हेंबरला. साडेपाच महिन्यांहून अधिक काळ एक गाव त्या घरघराटाच्या आणि उजेडाच्या शेजारी होते.

विहिरीच्या एका अंगाला दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे, रानटी घोड्यांसाठी आणि गवताळ प्रदेशातल्या दुर्मीळ पक्ष्यांसाठी ओळखले जाणारे. दुसऱ्या अंगाला मागुरी-मोतापुंग बील. आसामात अशा विस्तीर्ण पाणथळ तळ्यांना बील म्हणतात. आसपासची कुटुंबे त्यात जाळी टाकतात, हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्यांना नावेतून फिरवतात, काठावर गुरे चारतात. कंडेन्सेटचा तवंग या पाण्यावर पसरला आणि मासे मरून वर आले. गंगेच्या डॉल्फिनचे कलेवरही सापडले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकाने पाहणी करून इथल्या जिवांना झालेली इजा नोंदवली आणि तिचे परिणाम दीर्घकाळ राहतील, असा इशारा दिला.

मग भरपाई आली. राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला सुरुवातीलाच 25 कोटी रुपये भरायला लावले आणि ज्यांची घरे पूर्ण जळाली, त्यांना प्रत्येकी 25 लाख रुपये ठरले. ही रक्कम क्षुल्लक नाही. पण घर ही मोजायला सर्वांत सोपी गोष्ट आहे. त्याला भिंती असतात, छप्पर असते, पंचनामा करता येतो. बिलातल्या माशाचा सातबारा नसतो. तळ्यावर पोट असलेल्या कोळ्याकडे पुढच्या पाच हंगामांची मिळकत बुडाली, हे दाखवणारा कोणता कागद असणार? तेलाच्या धंद्यात जे नुकसान सर्वांत खोल जाते, तेच कागदावर सर्वांत उथळ उमटते. बाघजानची खरी शोकांतिका आगीइतकीच या हिशेबात आहे.

या प्रकरणातले दोन तपशील कोणत्याही नागरिकाला अस्वस्थ करतील असे आहेत. लवादाने निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाणी आणि हवा प्रदूषण कायद्यांखाली लागणाऱ्या संमती कंपनीकडे अपघाताच्या दिवशी नव्हत्याच, असे या समितीला आढळले. हे झाले सरकारी मालकीच्या, नामांकित कंपनीबाबत. दुसरा तपशील त्याहून थक्क करणारा. फेब्रुवारी 2021 मध्ये लवादाने बील आणि उद्यान पूर्ववत करण्यासाठी जी समिती बनवली, तिच्यावर ऑइल इंडियाच्याच व्यवस्थापकीय संचालकांना घेतले. जिच्यावर ठपका, तीच कंपनी नुकसान मोजणार. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल आश्चर्य व्यक्त करून स्थगिती दिली, हे बरे झाले. पण तिथपर्यंत जावे लागले, हे बरे नाही.

आसामला तेलाचा हा व्यवहार नवा नाही. डिगबोईला 1889 मध्ये तेल लागले आणि 1901 मध्ये तिथे उभा राहिलेला तेलशुद्धीकरण कारखाना आशियातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर नहरकटियाला मोठा साठा सापडला, तेव्हा मोठा कारखाना मात्र बिहारात बरौनीला गेला आणि कच्चे तेल हजार किलोमीटरहून लांब वाहिनीने तिकडे वाहू लागले. त्याविरुद्ध आसाम पेटला होता. पुढे परकीयांविरुद्धच्या आसाम आंदोलनात, 1979 च्या डिसेंबरात, आंदोलकांनी तेलाची वाट अडवली, तेव्हा ‘रक्त देऊ, तेल देणार नाही’ ही घोषणा गावागावांत पोहोचली. नुमालीगढचा कारखाना ते आंदोलन मिटवणाऱ्या 1985 च्या आसाम करारातून आला. आपल्या जमिनीतले धन बाहेर जाते आणि राख इथे राहते, ही भावना तिथे तीन पिढ्यांची आहे. बाघजानने तिला पुरावा दिला.

तेल नकोच, असे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. देशात वर्षाला जे सुमारे 3 कोटी टन निघते, त्यातले 40 लाख टनांच्या आसपास एकटा आसाम देतो. दुलियाजान, डिगबोई ही गावे तेलावर उभी राहिली. तिथल्या नोकऱ्या, शाळा, दवाखाने तेलाचेच. राज्याला रॉयल्टी मिळते. म्हणूनच प्रश्न विहीर खणायची की नाही एवढाच नाही. तिची किंमत कोण ठरवतो आणि कोण चुकवतो, हाही आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मुंबई हायचे तेल 1974 मध्ये किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर सापडले, त्यामुळे विहिरीच्या शेजारी गाव नव्हते. समुद्रातल्या तेलाची रॉयल्टीही राज्याला नव्हे, केंद्राला जाते. पण 2023 च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा तिथल्या माणसांनी विचारलेले प्रश्न बाघजानच्याच जातीचे होते: आमच्या बागा, आमचे पाणी, आमची मासेमारी कोणत्या खात्यात धरली आहे? त्यांना विकासविरोधी ठरवणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

आणि विचारण्याची जागाच आक्रसते आहे. 16 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तेल आणि वायूच्या शोधाचे प्रकल्प अशा वर्गात टाकले, जिथे जनसुनावणी लागत नाही. बाघजानचा स्फोट होण्याच्या सोळा दिवस आधी, 11 मे रोजी, दिब्रू-सैखोवा उद्यानाखालच्या सात ठिकाणी शोधासाठी खोदायला पर्यावरण मंजुरी मिळाली होती. त्याच वर्षी डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती रोखली.

ती अधिसूचना केंद्राने मागे घ्यावी आणि पहिली विहीर खणण्याआधी गावाला बोलता येईल, अशी सुनावणी पुन्हा आणावी. विहिरीच्या परिघातले पाणी, मासे, शेती आणि त्यांवरची मिळकत यांची मोजदाद खोदाईपूर्वी, कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून व्हावी, म्हणजे अपघातानंतर कोळ्याला पुरावे शोधत फिरावे लागणार नाही. नुकसानीची रक्कम कंपनीने आधीच ठेव म्हणून जमा करावी. आणि पाण्या-हवेच्या संमतीवाचून चालणारी विहीर सरकारी असली तरी त्याच दिवशी बंद व्हावी.