विल्नियस मिळाले, देश गेला: एका रेजिमेंटवरचा अन्याय

थ्रेड 🧵

१/ वीस वर्षे संचलने करणाऱ्या लिथुआनियन सैन्याने १५ जून १९४० रोजी एकही गोळी न झाडता देश सोव्हिएत संघाच्या हवाली केला, असा शेरा इतिहासप्रेमींच्या चर्चांत वारंवार वाचायला मिळतो. शेऱ्याखाली हसण्याची चिन्हे असतात, सोबत फिनलंडचा दाखला असतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते हा शेरा अर्धवट माहितीवर उभा आहे, शिवाय तो अन्यायकारक आहे. कसा, ते एका रेजिमेंटच्या आधारे मांडते.

२/ रेजिमेंट आहे पहिली पायदळ रेजिमेंट, ‘महाराजा गेडिमिनास’ यांच्या नावाची. २३ नोव्हेंबर १९१८ रोजी विल्नियसमध्ये लिथुआनियन सैन्याच्या स्थापनेचा जो पहिला आदेश निघाला, त्याच आदेशात हिच्या उभारणीचा निर्णय होता. तेव्हा जर्मन सैन्य माघारी निघाले होते आणि पूर्वेकडून लाल सेना येत होती. नव्या राज्याकडे ना शस्त्रे होती ना गणवेश. अधिकारी मिळाले ते बहुतेक झारच्या सैन्यात वाढलेले.

३/ १ जानेवारी १९१९ रोजी काझिस श्किर्पा याच्या नेतृत्वाखाली काही स्वयंसेवकांनी विल्नियसच्या गेडिमिनास बुरुजावर तिरंगी ध्वज चढवला. (श्किर्पा हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा भेटेल.) आठवडा उलटण्यापूर्वी शहर लाल सेनेच्या हाती गेले. १३ फेब्रुवारी रोजी अलितुस येथे, नेमुनास नदीवरच्या पुलाजवळ, पहिल्या रेजिमेंटचा प्रमुख अंतानास युओझापाविचियुस मारला गेला. स्वातंत्र्ययुद्धात पडलेला हा पहिला लिथुआनियन अधिकारी. रेजिमेंटला अजून पुरते बाळसे धरायचे होते आणि तिने आपला प्रमुख गमावला होता.

४/ पुढच्या दोन वर्षांत हे कोवळे सैन्य तीन शत्रूंशी लढले: बोल्शेविक, बेर्मोंटचे भाडोत्री सैनिक आणि पोलंड. सैनिक मुख्यतः शेतकऱ्यांची मुले होती. १९२२च्या जमीन सुधारणेत स्वयंसेवकांना जमीनवाटपात अग्रक्रम मिळाला. म्हणून या सैन्याच्या निष्ठेचे मूळ झेंड्याइतकेच जमिनीतही शोधावे लागते. त्यांच्यात ज्यू स्वयंसेवकही होते. १९३३ साली त्यांनी आपली माजी सैनिक संघटना स्थापन केली. हा तपशील पुढे लागणार आहे.

५/ आता मुख्य जखमेकडे येऊ. ७ ऑक्टोबर १९२० रोजी पोलंड आणि लिथुआनिया यांच्यात सुवाल्की येथे करार झाला. अवघ्या दोन दिवसांनी पोलिश सेनापती झेलिगोव्स्की याने ‘बंडखोर’ असल्याचे सोंग घेऊन विल्नियस ताब्यात घेतले. नोव्हेंबरमध्ये गेड्राइचियाई येथे लिथुआनियनांनी त्याच्या सैन्याला रोखले, पण शहर परत मिळाले नाही. काउनास ही ‘तात्पुरती राजधानी’ झाली आणि जवळजवळ दोन दशके तात्पुरतीच राहिली.

६/ गेडिमिनास म्हणजे परंपरेने विल्नियसचा संस्थापक. त्याच्या नावाची रेजिमेंट ठाण मांडून बसली उकमेर्गे येथे, विल्नियसपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. मध्ये बंद सीमा. या नावाचा रोख कुणाकडे आहे, हे रोज हजेरीला उभ्या राहणाऱ्या शिपायाला समजावून सांगावे लागत नसणार. रेजिमेंटांना दिलेली नावे निरागस नसतात. त्या नावात राज्याने शत्रू ठरवून टाकला होता: पोलंड.

७/ मराठी वाचकाला या वादाची पोलिश बाजू नकळत परिचित आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत दुसऱ्या महायुद्धात आश्रयाला आलेले पोलिश लोक हे सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेले होते. त्यांच्या ‘पूर्व पोलंड’मध्ये विल्नियसही मोडत होते. १९३१च्या पोलिश जनगणनेत या शहरात सुमारे दोन तृतीयांश लोक पोलिश भाषक होते आणि २८ टक्के ज्यू. लिथुआनियन भाषक एक टक्काही भरले नाहीत. लिथुआनियाचा दावा इतिहासावर उभा होता, लोकसंख्येवर नव्हे. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

८/ आता सप्टेंबर १९३९. पोलंड कोसळत होते. जर्मनी लिथुआनियाला सुचवत होता, चढाई करा आणि विल्नियस घ्या. बर्लिनमधला लिथुआनियन राजदूतही हाच आग्रह धरत होता. राजदूत कोण? श्किर्पा, १९१९ साली बुरुजावर ध्वज चढवणारा. एकोणीस वर्षे ज्या शहरासाठी रेजिमेंट घडवली, ते शहर तोंडाशी आले होते. सरकारने नकार दिला. लिथुआनिया तटस्थ राहिला, आणि सीमा ओलांडून आलेल्या दहा हजारांहून अधिक पोलिश सैनिकांना त्याने स्थानबद्ध केले.

९/ ‘गोळी न झाडणारे सैन्य’ म्हणून हसणाऱ्यांनी इथे थांबावे. गोळी न झाडण्याचा हाही एक प्रसंग आहे, आणि माझ्या मते त्या सैन्याच्या इतिहासातला तो सर्वांत प्रतिष्ठेचा प्रसंग आहे. पाठीत सुरा खुपसण्याचे आमंत्रण समोर असताना हात मागे घेणे ही भित्रेपणाची खूण नव्हे. शौर्यपदकांच्या यादीत मात्र अशा दिवसाला जागा नसते.

१०/ मग विल्नियस मिळाले कसे? मॉस्कोकडून. २३ ऑगस्टच्या गुप्त मसुद्यात लिथुआनिया जर्मनीच्या वाट्याला होता. २८ सप्टेंबरला त्याचा बहुतांश भाग स्टालिनच्या वाट्याला गेला. १० ऑक्टोबर १९३९ च्या करारान्वये लिथुआनियाला विल्नियस परत मिळाले आणि देशात २०,००० सोव्हिएत सैनिकांचे तळ आले. शांतताकाळात लिथुआनियाचे सारे सैन्य तीस हजारांच्या आत होते. त्या वेळी लोकांत एक बोचरी म्हण रूढ झाली: विल्नियस आमचे, लिथुआनिया रशियनांची.

११/ पराभव झाला तो या दिवशी. जून १९४० मध्ये झाली ती केवळ वसुली. १४ जूनला रात्री उशिरा निर्वाणीचा खलिता आला, मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतची. राष्ट्राध्यक्ष स्मेतोना यांचे मत किमान प्रतीकात्मक प्रतिकार व्हावा असे होते. मंत्रिमंडळातील बहुमताने आणि सेनाप्रमुख वित्काउस्कास यांनी तो अशक्य ठरवला. लाल सेनेशी सौजन्याने वागण्याचा हुकूम वरून आला. उकमेर्गेच्या वा अन्य कुठल्या रेजिमेंटने मतदान करून शरणागती पत्करली नव्हती.

१२/ रक्त सांडलेच नाही, हेही खरे नाही. १५ जूनच्या पहाटे ऊता येथील सीमाचौकीवर सोव्हिएत सैनिकांनी अलेक्सांद्रास बाराउस्कास या सीमा पोलिसाला ठार मारले. फिनलंडच्या दाखल्याचेही उत्तर देते. फिनलंडने १९३९ मध्ये तळ नाकारले, म्हणून त्याचे युद्ध सीमेवर झाले. लिथुआनियात शत्रू आठ महिने आधीच घरात येऊन बसला होता. तुलना करायची तर जून १९४० ची नको, ऑक्टोबर १९३९ ची करा. तिथे मात्र मीही कबूल करते: प्रतिकार करायचाच होता तर तो क्षण तेव्हाचा होता, आणि विल्नियसच्या मोहाने तो नकार अधिक अवघड करून ठेवला.

१३/ एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. प्रतिकार न झाल्यामुळे ‘लिथुआनिया स्वेच्छेने सामील झाला’ असे म्हणण्याची सोय मॉस्कोला झाली. ही किंमत मोठी होती. पण तिचा हिशेब मंत्रिमंडळाकडे मागायला हवा. पुढे या सैन्याचे काय झाले पाहा: ते लाल सेनेच्या २९व्या रायफल कोरमध्ये विलीन करण्यात आले आणि जून १९४१ मध्ये त्यातील अनेक अधिकारी पकडून नोरिल्स्कच्या छावण्यांत धाडले गेले. भित्र्यांची इतकी धास्ती कुणी घेत नाही.

१४/ आता दुसऱ्या टोकाच्या मित्रांसाठी, ज्यांना या सैन्यात केवळ हुतात्मे दिसतात. श्किर्पाने नोव्हेंबर १९४० मध्ये बर्लिनमध्ये लिथुआनियन कार्यकर्ता आघाडी स्थापन केली. तिच्या प्रचारात ज्यूद्वेष उघड होता. १९४१ मध्ये जर्मनांनी उभारलेल्या साहाय्यक पोलीस बटालियनांत माजी सैनिक होते. १२व्या बटालियनचा प्रमुख इंपुलेविचियुस हा याच सैन्याचा अधिकारी. त्याच्या लोकांनी बेलारूसमध्ये ज्यूंच्या कत्तली केल्या. पहिल्या रेजिमेंटच्या उकमेर्गेबाहेर, पिवोनिया जंगलात, हजारो ज्यू मारले गेले. ज्या समाजातल्या तरुणांनी १९१९ मध्ये या सैन्यासाठी नाव नोंदवले होते, तोच हा समाज.

१५/ आणि त्याच सैन्यातला तोफखान्याचा कॅप्टन योनास झेमाइतिस युद्धानंतर जंगलात राहून सोव्हिएत सत्तेविरुद्ध गनिमी लढ्याचे नेतृत्व करत होता; १९५४ मध्ये मॉस्कोत त्याला मृत्युदंड दिला गेला. एकाच सैन्यातून खुनी निघाले, हुतात्मे निघाले आणि बहुसंख्य साधी माणसे निघाली. ‘शूर’ किंवा ‘भित्रे’ हे शिक्के यांतल्या कुणावरही नीट बसत नाहीत.

१६/ माझे म्हणणे एवढेच आहे. गेडिमिनास रेजिमेंटची शोकांतिका धैर्याच्या अभावातून आलेली नाही. तिच्या राज्याने एका हरवलेल्या शहरावर इतकी वर्षे नजर खिळवली की दुसऱ्या दिशेने आलेला धोका ते शहरच हातात घेऊन आला, तेव्हा त्याला नाही म्हणणे जवळजवळ अशक्य झाले. पुढच्या वेळी एखाद्या सैन्याने ‘एकही गोळी झाडली नाही’ असे वाचाल, तेव्हा हसण्याआधी हुकूम कुणी दिला, कधी दिला आणि त्याआधीच्या आठ महिन्यांत कोणत्या कागदांवर सह्या झाल्या होत्या, हे तपासा. लिथुआनियाच्या बाबतीत ते कागद उपलब्ध आहेत.