शीड आणि वल्हे कोणाच्या हाती?

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ माणसांना जलसमाधी मिळाली. होडी ग्रामपंचायतीची होती आणि तीत क्षमतेहून अधिक माणसे बसली होती. पाणी चढत असताना गावाने हाताशी होती ती होडी काढली, याबद्दल गावाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. २००५ साली पूर आला होता, २०२१ साली तो पुन्हा आला. धरणांतील विसर्ग, पूररेषेतील बांधकामे आणि नुकसानभरपाई यांवर चळवळीने पुष्कळ आवाज उठविला, आणि तो उठविलाच पाहिजे. परंतु होडीत किती माणसे बसवावीत, धारेला ती कशी घालावी आणि उलटलीच तर काय करावे, हे जाणणारी तरुण माणसे कृष्णाकाठच्या गावांत किती आहेत, हा साधा प्रश्न मात्र मागेच राहिला.

हे ज्ञान एके काळी भोई आणि कोळी समाजांच्या हातांत होते. पूल झाले, नावा बंद पडल्या आणि ते हात अन्य मजुरीकडे वळले. सांगली परिसरात होड्यांच्या शर्यती होतात, तेवढ्यापुरती ती विद्या जिवंत राहिली. ती नव्या पिढीला रीतसर शिकविण्याची सोय मात्र शाळा-महाविद्यालयांनी केली नाही.

तरुणांना शिडाच्या नौकेवर शिक्षण देणाऱ्या धर्मादाय संस्था जगात अनेक आहेत. त्या श्रीमंतांच्या हौसेतून जन्मल्या, असे समजणे बरोबर नाही. १९४१ साली वेल्समधील अॅबरडोव्ही येथे निघालेल्या 'आउटवर्ड बाउंड' शाळेमागे युद्धातील कटू अनुभव होता. जहाज बुडाल्यावर शिडाच्या नौकांवर वाढलेले जुने खलाशी तगून राहत आणि धडधाकट तरुण खलाशी खचून जात, असे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांना दिसले. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडावा लागलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साहाय्याने ती शाळा उभी राहिली. शिडाची होडी महापुरात कामाला येत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण वारा, प्रवाह, तोल आणि शेजाऱ्याचा जीव यांचे भान ती लावते. तेच भान पुढे वल्ह्याच्या होडीवर आणि यंत्राच्या होडीवर उपयोगी पडते.

आपल्या देशात नौदलाने १९९७ साली 'तरंगिणी' हे शिडाचे प्रशिक्षण जहाज सेवेत घेतले. पण ते प्रामुख्याने नौदलाच्या उमेदवारांसाठी. सामान्यांच्या मुलांसाठी अनुकरणीय उदाहरण समुद्र नसलेल्या हैदराबादेत सापडते. तेथे हुसेनसागर तलावावर एका यॉट क्लबने गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाच्या होड्या चालविण्यास शिकविले आणि ती मुले राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोचली. नाशिक जिल्ह्यातील दुष्काळी चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर नौकानयन शिकला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये उतरला. शेतकऱ्याच्या मुलाच्या अंगी पाण्यावरचे कर्तृत्व नसते, हा समज त्याने खोटा ठरविला. मात्र ते कर्तृत्व प्रकट होण्यासाठी त्याला फौजेत जावे लागले, हे समाजाला भूषणावह नाही.

सातारा जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे ही विसंगती अधिकच टोचते. कोयनेच्या शिवसागराची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. त्या पाण्याखाली जावळी आणि पाटण तालुक्यांतील गावांची शेते गेली. त्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी पिढ्यान्‌पिढ्या लढावे लागले. त्याच जलाशयावर मुनावळे येथे २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झाले. पर्यटकांनी पाण्यावर विहार करावा आणि ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांनी काठावर उभे राहून ते पाहावे, ही व्यवस्था न्यायाची म्हणता येणार नाही.

देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांविषयी समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात जो संशय असतो, तो अनाठायी नाही. दानशूरांच्या मेहेरबानीने शासनाची जबाबदारी संपत नाही. परंतु याच भूमीत, कराडजवळच्या काले गावी, १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ती मुष्टिफंडाच्या धान्यावर व विद्यार्थ्यांच्या श्रमावर वाढविली. सरकार जागे होईपर्यंत थांबावयाचे नाही, आणि जागे झाल्यावर त्याला मोकळेही सोडावयाचे नाही, हा त्या कार्याचा धडा आहे.

म्हणून तरुणांना नौकानयन शिकविणारी संस्था कृष्णेवर किंवा कोयनेवर उभी राहत असेल, तर कार्यकर्त्यांनी तिला पैशाचे आणि श्रमाचे पाठबळ द्यावे. मात्र ते डोळे मिटून देऊ नये. प्रवेशात पूरग्रस्त आणि धरणग्रस्त गावांच्या मुलामुलींना पहिला हक्क असावा. मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची असावी. भोई आणि कोळी समाजांतील जाणत्या नावाड्यांना मानधन देऊन शिक्षक नेमावे. पोहणे आणि जीवरक्षक जाकीट यांवाचून कोणालाही होडीत पाऊल टाकू देऊ नये. शिकून तयार झालेल्या तुकडीची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावी, आणि पावसाळ्यापूर्वी तिने दरवर्षी सराव करावा. हा सर्व खर्च जिल्हा परिषदेने आणि आपत्ती व्यवस्थापन विभागाने पुढे आपल्या अंदाजपत्रकात घ्यावा, ही मागणी पहिल्या दिवसापासून लावून धरावी.

ब्रह्मनाळच्या मृतांना श्रद्धांजली वाहून झाली आहे. पुढच्या पुरात कृष्णाकाठच्या प्रत्येक गावी एक सुस्थितीतील होडी आणि ती चालविणारे आठ-दहा शिकलेले तरुण असावेत, यासाठीचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे. ते पूर येण्याच्या आत, नदी शांत असतानाच करावे लागते.