कुलूप बदलाल तर पस्तावाल



भाडे थकले, मुदत संपली, तरी भाडेकरू हलत नाही, असे कळले की सल्ल्यांना तोटा नसतो. पाणी तोडा, वीज बंद करा, तो गावी गेला की कुलूप बदला, चार दांडगी माणसे पाठवा. या सल्ल्यांना आमचा विरोध आहे. भाडेकरूची कणव यावी की नाही, ते ज्याचे त्याने पाहावे. आम्ही बोलतो आहोत ते मालकाच्या हिशेबाने. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 नुसार पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडणे हा गुन्हा आहे, आणि न्यायालय त्या परत सुरू करायला लावते. कुलूप बदलणाऱ्याची गत तर याहून वाईट. विशिष्ट अनुतोष कायदा 1963 च्या कलम 6 खाली, बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांत दावा लावू शकतो, आणि तिथे जागा कोणाच्या मालकीची हा प्रश्नच विचारात घेतला जात नाही. तुमचा सातबारा, तुमचे शेअर सर्टिफिकेट त्या दाव्यात कामाचे नाही. राहण्याचा हक्क संपलेल्या माणसालाही मालकाने कायद्याच्या वाटेनेच काढले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवले आहे. म्हणजे ताबा परत त्याच्याकडे, आणि पोलीस ठाण्याच्या खेपा तुमच्याकडे.

यावर ठरलेले उत्तर येते: कोर्टात गेलो तर नातवंडांच्या काळात निकाल लागेल. जुन्या भाडेकरूंच्या आणि पागडीच्या बाबतीत यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, आणि तो अन्याय दशकानुदशके चालला. आजही अशा भाडेकरूवर थकबाकीवरून जागा सोडवण्याचा दावा लावायचा तर आधी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते. आणि समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत त्याने सगळी थकबाकी 15 टक्के व्याजासह भरली, की त्या कारणावरून त्याला काढता येत नाही. तिथे उपयोगी पडतात ती 1999 च्या कायद्याच्या कलम 16 मधली कारणे: विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे, मालकाची स्वतःची खरी गरज. ती पुराव्यानिशी सिद्ध करावी लागतात आणि वेळ लागतो.

पण आज फ्लॅट भाड्याने देणाऱ्या बहुतेकांचा करार असतो लिव्ह अँड लायसन्सचा, आणि तिथे ही रड लागू नाही. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली की कलम 24 खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. मागितली नाही तर तुमचे म्हणणे त्याने मान्य केले असे धरले जाते. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने. प्रत्यक्षात तारखा पडतात, कर्मचारी कमी असतात, हे खरे. तरी कुलूप बदलून ओढवलेल्या दाव्यापेक्षा ही वाट जवळची. दुकान-गाळ्यांना मात्र हे कलम लागत नाही.

मग एवढी सोपी वाट असताना माणसे अडकतात कुठे? करारातच. ‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला’ हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या मालकांना बुडवते तितक्यांना कोणताही भाडेकरू बुडवत नाही. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यातून ही समजूत पसरली. आपल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती पळवाट केव्हाच बंद केली: करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महाग पडते ते पुढचे: नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोटरीचा शिक्का ही उणीव भरून काढत नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च नको म्हणणाऱ्यांनी एका महिन्याच्या थकलेल्या भाड्याशी तो ताडून पाहावा.

तेव्हा नवे कुलूप आणायला निघण्याआधी कपाटातला करार काढा आणि त्यावर दुय्यम निबंधकाचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.